ब्रँड्टचा पर्वतफिंच: लडाख-स्पितीला निघालेल्यांचे नेहमीचे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीत लडाख किंवा स्पितीला जाऊन आलेली मंडळी परतल्यावर एक फोटो हमखास पाठवतात. उजाड दगड, मागे मळकट बर्फ आणि मध्ये राखाडी रंगाचा, चिमणीएवढा पक्षी. सोबत प्रश्न असतो, "हा कोण?" बहुतेक वेळा तो ब्रँड्टचा पर्वतफिंच असतो. त्याच्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न एकत्र करून ठेवले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर "खातो तरी काय?" या प्रश्नाचं उत्तर तेवढं वाचा. बाकीची बरीच उत्तरं त्यातूनच निघतात.

हा पक्षी नेमका कोणत्या कुळातला?

फिंच कुळातला, म्हणजे बी खाणाऱ्या, जाड चोचीच्या पक्ष्यांच्या फ्रिंजिलिडी कुळातला. शास्त्रीय नाव ल्युकोस्टिक्टे ब्रँड्टी. इंग्रजी पुस्तकांत तो "ब्रँड्ट्स माउंटन फिंच" किंवा "ब्लॅक-हेडेड माउंटन फिंच" अशा दोन नावांनी सापडतो. पक्षी एकच आहे. मराठीत रूढ नाव नाही, म्हणून इथे सरळ पर्वतफिंच म्हटलं आहे.

याच ल्युकोस्टिक्टे प्रजातीतले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) भाईबंद सैबेरिया-जपानपासून अलास्का आणि कोलोरॅडोपर्यंत पसरले आहेत. अमेरिकेतल्या तीन जातींना तिकडे "रोझी फिंच" म्हणतात. डेन्व्हर किंवा आल्बुकर्कीला राहणाऱ्या मराठी पक्षीमित्रांना त्या ओळखीच्या असतील. न्यू मेक्सिकोतल्या सँडिया क्रेस्टवर हिवाळ्यात तिन्ही जाती एकाच थव्यात दिसल्याच्या नोंदी आहेत. भारतात या प्रजातीच्या दोन जाती आहेत, ब्रँड्टचा पर्वतफिंच आणि साधा पर्वतफिंच.

महाराष्ट्रात दिसेल का?

नाही. हिवाळ्यातसुद्धा तो हिमालय सोडून खाली येत नाही.

पण फिंच कुळातला एक पक्षी मात्र आपल्याकडे नेमाने येतो, कॉमन रोझफिंच. तो हिमालयात आणि त्याच्या उत्तरेला वीण करतो आणि थंडीत सह्याद्रीपर्यंत उतरतो. नराचं डोकं-छाती गुलाबी-लाल, मादी मातकट आणि रेघाळ. पर्वतफिंच पाहायला जाण्याआधी फिंचची चोच आणि खाण्याची ढब नजरेत बसवायची असेल, तर घरच्या डोंगरावर याच्या मागावर राहा. मुनिया म्हणजे मनोली बी खाणाऱ्या असल्या, तरी त्या वेगळ्या कुळातल्या.

ओळखायचा कसा?

लांबी साडेसोळा ते एकोणीस सेंटिमीटर. चिमणीपेक्षा थोडा मोठा दिसतो, कारण पंख लांब आहेत आणि शेपटीला मधोमध खाच आहे. एकूण रंग राखाडी-तपकिरी. कपाळ आणि चेहरा काजळी फासल्यासारखा काळपट. मिटलेल्या पंखावर फिकट, पांढुरका पट्टा. खांद्याजवळ आणि शेपटीच्या मुळाशी गुलाबी छटा, पण ती शोधावी लागते. मादीही साधारण अशीच, चेहऱ्याचा काळेपणा जरा कमी. त्याच वर्षीची पिल्लं वाळूच्या रंगाची असतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळं काही नसतं. ऑगस्टच्या शेवटी थव्यात असे पिवळट-भुरे पक्षी दिसले, तर दुसरी जात सापडली म्हणून हुरळून जाऊ नका.

चोचीकडे जरूर बघा. विणीच्या दिवसांत ती काळी असते आणि थंडीत पिवळट होते. फोटोची तारीख हरवली असेल तरी चोचीच्या रंगावरून ऋतूचा अंदाज येतो.

पुस्तकात गुलाबी दाखवलाय. आम्हाला तर राखाडीच दिसला. मग?

तोच दिसला. चित्रकार ओळख पटावी म्हणून रंग थोडा हात सैल सोडून भरतात. प्रत्यक्षात गुलाबी रंग पिसांच्या कडांपुरता असतो आणि पक्षी उडताना पाठमोरा झाला की क्षणभर चमकतो.

या पक्ष्यांची पिसं वर्षातून एकदाच बदलतात, वीण संपल्यावर. शरद ऋतूत आलेल्या नव्या पिसांना फिकट किनार असते. ती हिवाळाभर झिजते आणि खालचा गडद रंग उघडा पडतो. म्हणजे जूनमध्ये दिसणारा काळाभोर चेहरा हा वेगळा "लग्नाचा पोशाख" नव्हे, आदल्या वर्षीचीच पिसं घासून घासून तशी झालेली असतात. गुलाबी छटा कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांची. ती अन्नातून मिळतात, पक्ष्याला स्वतः तयार करता येत नाहीत.

गल्लत कोणाशी होते?

सर्वांत जास्त स्नोफिंचशी. लडाखमधल्या त्सो कार सरोवराच्या आसपास दोन्ही दिसतात. नावात फिंच असलं तरी स्नोफिंच हे चिमणीच्या कुळातले. ते उडाले की पंखांवर आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना पांढरा रंग एकदम डोळ्यांत भरतो. पर्वतफिंच उडाला की असं काही होत नाही. पंख फिकट वाटतात, एवढंच.

दुसरी गल्लत साध्या पर्वतफिंचशी. तो लहान, साधारण पंधरा सेंटिमीटर, पाठीवर चिमणीच्या मादीसारख्या रेघा. ब्रँड्टच्या पाठीवर ठळक रेघा नसतात. साधा पर्वतफिंच जरा खालच्या उंचीवर राहतो आणि थंडीत आणखी खाली उतरतो. उत्तराखंडात चोपता किंवा मुनस्यारीकडे हिवाळ्यात शेकड्यांचा थवा दिसला तर तो बहुधा हा साधा पर्वतफिंच. ही जात ब्रिटिश निसर्गअभ्यासक ब्रायन हॉजसनने १८३६ मध्ये नेपाळमधून वर्णन केली.

शिंगवाला चंडोलही त्याच जमिनीवर असतो. तो चालतो, त्याचा चेहरा काळा-पांढरा असतो आणि नीट पाहिलं तर गोंधळ होत नाही. आणि हो, आपल्या ज्वारीच्या शेतात येणारा काळ्या डोक्याचा भारीट वेगळा. "ब्लॅक-हेडेड" एवढाच शब्द वाचून काहीजण तो इथल्या यादीत लिहितात.

पाच हजार मीटरवर गवताची काडी दिसत नाही. हा खातो तरी काय?

बी खातो. आणि काडी दिसत नाही हे गाडीच्या काचेतून बघितल्यामुळे.

खिंडीवर उतरून गुडघ्यांवर बसलात तर दिसेल, की घसाऱ्यात दगडांच्या आडोशाला बोटभर उंचीची, जमिनीला चिकटलेली झाडं आहेत. गवतं, लव्हाळी, पोटेंटिला, ऑक्सिट्रोपिस, सॉसुरिया, आर्टेमिसिया. त्यांचा हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं. ते बी सप्टेंबरात जमिनीवर पडतं आणि लगेच त्यावर बर्फ बसतं. बर्फाखाली ते वाऱ्याने उडत नाही, कुजतही नाही. शीतगृहात ठेवल्यासारखं तिथेच राहतं.

पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये बर्फ वितळायला लागतं. एकदम नाही, कडेकडेने. रोज त्याची कड थोडी मागे सरकते आणि ओल्या मातीची एक अरुंद पट्टी उघडी पडते. त्या पट्टीत गेल्या वर्षीचं बी असतं, पाण्याने मऊ झालेलं, आणि त्याला अजून कोणाची चोच लागलेली नसते. पर्वतफिंचचे थवे याच पट्टीवर चरतात. कड जसजशी उतारावर वर सरकते, तसतसे तेही वर जातात. उन्हाळाभर हा पक्षी खालून वर जाताना दिसतो, तो थंड हवा शोधत नसतो, वितळणाऱ्या बर्फाच्या मागोमाग चालत असतो.

याच कारणाने तो लहरी वाटतो. काल जिथे दीडशे पक्षी होते तिथे आज एकही नाही, असं होतं. पक्षी गेले नाहीत, पट्टी सरकली. एखाद्या खिंडीत तो शोधायचा असेल तर सरसकट डोंगर दुर्बिणीने चाळू नका. बर्फाचे तुकडे कुठे आहेत ते बघा, त्यांची खालची ओली कड बघा, आणि बसून राहा.

बियांशिवाय कोवळे कोंब, कळ्या आणि किडेही तो खातो. विणीच्या दिवसांत किड्यांचं प्रमाण वाढतं.

बर्फावर किडे कुठून आले?

वाऱ्याने आणले. दिवसा ऊन तापलं की दरीतली हवा उतारावरून वर चढते आणि सोबत माश्या, मावा, भुंगे, कोळी असं बरंच काही उचलून नेते. वर थंडीत ते बर्फावर पडतात आणि गारठून निपचित होतात. पांढऱ्या बर्फावर काळा ठिपका, पळून जाण्याची शक्यता शून्य. अमेरिकेतले रोझी फिंच बर्फाच्या मैदानांवर फिरून असे गारठलेले किडे टिपतात, हे तिकडे चांगलं नोंदवलेलं आहे. आपल्याकडच्या खिंडींतही पर्वतफिंच मधूनच मातीची पट्टी सोडून थेट बर्फावर उड्या मारताना दिसतो तो यासाठीच.

हिमालयाचा या विषयाशी जुना संबंध आहे. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले डॉक्टर हिंग्स्टन यांना सुमारे ६,७०० मीटरवर कोळी सापडले होते. झाडाचं पान नाही तिथे कोळी जगतो कशावर, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. पुढे लॉरेन्स स्वान या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने हिमालयातल्या निरीक्षणांवरून मांडलं, की वनस्पतींच्याही वर एक थर असा आहे जिथलं जीवन वाऱ्याने आणलेल्या कणांवर, परागांवर आणि मेलेल्या किड्यांवर चालतं. पर्वतफिंच त्या थराच्या उंबरठ्यावर वावरतो. बी खालच्या जगातलं, किडे वाऱ्याने पाठवलेले.

बी गिळतो की सोलतो?

सोलतो. फिंचच्या वरच्या जबड्यात आतून खोबणी असते. जिभेने बी त्या खोबणीत बसवायचं, खालच्या जबड्याच्या धारेने टरफल फोडायचं, जिभेनेच फिरवून टरफल बाहेर टाकायचं आणि गर गिळायचा. इतक्या झटपट चालतं, की दुर्बिणीतून फक्त चोच थरथरताना दिसते.

विरळ हवेत याला दम लागत नाही?

पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यापेक्षा थोडासाच जास्त असतो. आपण दहा पावलं चढलो की थांबतो, आणि हा दगडावरून दगडावर भुर्रकन जातो.

मुख्य कारण पक्ष्यांच्या श्वसनाची रचना. आपल्या फुप्फुसात हवा जाते आणि त्याच वाटेने परत येते, त्यामुळे शिळी हवा थोडी उरतेच. पक्ष्यांमध्ये हवेच्या पिशव्या असतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा रक्ताजवळून जाते. ही देणगी सगळ्याच पक्ष्यांना आहे, मुंबईतल्या कावळ्यालासुद्धा. उंचावरच्या पक्ष्यांच्या अनेक वंशांत त्यावर आणखी बदल झालेले आढळतात, उदाहरणार्थ ऑक्सिजन जास्त घट्ट धरून ठेवणारं हिमोग्लोबिन.

विरळ हवेत उडणंही अवघड, कारण पंखाखाली रेटायला हवाच कमी. पर्वतफिंचचे लांब पंख इथे उपयोगी पडतात. त्याचा थवा उडतो तेव्हा सरळ जात नाही, वाऱ्याबरोबर गोल वळसे घेत एकदम वर जातो, पुन्हा खाली येतो आणि बऱ्याचदा उठला तिथेच उतरतो. म्हणून थवा उडाला की लगेच गाडीकडे पळू नका.

रात्री काय करतो?

कपारीत शिरतो. जूनमध्येसुद्धा खिंडींवर रात्री पारा शून्याखाली जातो. वारा अडला की निम्मी लढाई जिंकली. दिवसभर खाऊन साठवलेली चरबी रात्री जाळायची, सकाळी पुन्हा खायला लागायचं. अमेरिकेतले भाईबंद थंडीत गुहांत, जुन्या खाणींच्या बोगद्यांत, अगदी पाकोळ्यांच्या रिकाम्या मातीच्या घरट्यांतही रात्र काढतात.

घरटं कधी, कुठे?

जून ते ऑगस्ट. कड्याच्या फटीत, दगडांच्या ढिगाऱ्यात खोलवर किंवा जमिनीतल्या बिळात. आत गवताची वाटी आणि त्यावर केस, लोकर, पिसं यांचं अस्तर. पूर्व लडाखमधल्या चांगथांगच्या पठारावर याक आणि पश्मिना शेळ्या चरतात, त्यामुळे लोकरीचा तोटा नसतो. अंडी तीन-चार, पांढरी. मादी उबवते.

बहुतेक लोकांना घरटं दिसत नाही आणि दिसूही नये. दगड उलटून शोधण्याचा उद्योग कृपया करू नका.

पिल्लांना अन्न पोचवण्याची या प्रजातीची एक खास सोय आहे. विणीच्या काळात अमेरिकेतल्या रोझी फिंचच्या नर-मादी दोघांच्याही तोंडाच्या तळाशी दोन पिशव्या तयार होतात. त्यात बी आणि किडे भरून आणता येतात. वीण संपली की पिशव्या नाहीशा होतात. घरटं कड्यावर आणि बर्फाची कड दूर, तेव्हा दर खेपेला एकच किडा आणणं परवडणारं नाही. चिमणी किंवा सुगरण पिल्लांना मुख्यतः किडे भरवते. फिंचच्या या शाखेतले पक्षी पिल्लांनाही बियांचा लगदा मोठ्या प्रमाणात देतात. पर्वतावरचे फिंच त्यात किडे मिसळतात.

नर जागेसाठी भांडतात का?

भांडतात, पण जागेसाठी नाही. अमेरिकेतल्या रोझी फिंचमध्ये नरांची संख्या मादींपेक्षा बरीच जास्त असते असं अभ्यासकांना आढळलं. तिथला नर जमिनीचा तुकडा राखत बसत नाही. तो मादीच्या भोवतीची थोडी मोकळी जागा राखतो. मादी हलली की ती हद्दही हलते. आपल्या दयाळासारखा ठरलेल्या फांदीवरून गाऊन हद्द सांगणारा पक्षी डोळ्यांसमोर असेल तर हे विचित्र वाटेल. पण अन्नाची पट्टीच रोज सरकत असेल, तर जमिनीचा तुकडा राखून मिळणार काय?

गातो का?

गातो, पण खास नाही. थव्यातली सततची चिवचिव जास्त कानावर पडते. खिंडीतल्या वाऱ्यात तीही निम्मी हरवते. आवाजावरून शोधण्याच्या भरीस पडू नका.

हिवाळ्यात कुठे जातो?

फार लांब नाही. बर्फ वाढलं की दरीत उतरतो, साधारण तीन हजार मीटरपर्यंत. गावाच्या कडेला, जवाच्या कापलेल्या शेतांत, खळ्यांजवळ, वाऱ्याने बर्फ उडवून मोकळ्या केलेल्या उतारांवर मोठे थवे दिसतात. लख्ख ऊन पडलं की पुन्हा वर. वादळ आलं की खाली. आपण स्थलांतर म्हणताना हजारो किलोमीटरचा प्रवास डोळ्यांसमोर आणतो. याचं स्थलांतर उभं आहे, एकाच डोंगरावर वर-खाली.

लडाखमध्ये पाऊस-बर्फ मिळून वर्षाला लेहला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पडतं. त्यामुळे दरीतले दक्षिणेकडे तोंड करून असलेले उतार थंडीतही बऱ्याच वेळा उघडे राहतात. ओलसर, दाट बर्फाच्या डोंगरांवर हे जमलं नसतं.

ब्रँड्ट कोण होता?

योहान फ्रीडरिख फॉन ब्रँड्ट (१८०२-१८७९), जर्मनीत जन्मलेला प्राणिशास्त्रज्ञ. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीचं प्राणिशास्त्र संग्रहालय त्याने उभारलं. पक्ष्याला त्याचं नाव दिलं शार्ल ल्युसियाँ बोनापार्तने, नेपोलियनच्या पुतण्याने. राजकारणातल्यापेक्षा पक्ष्यांच्या नावांत या पुतण्याने जास्त टिकाऊ काम केलं, असं माझं मत.

"सिलेमचा पर्वतफिंच" हाच का?

नाही, पण त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

१९२९ मध्ये एक डच मोहीम काराकोरममध्ये आली होती. नेता फिलिप्स व्हिसर, आणि पक्ष्यांचं काम जेरोम सिलेमकडे. सप्टेंबरात अक्साई चीनच्या पठारावर, कुश्कू मैदान नावाच्या जागी, ५,१२५ मीटर उंचीवर त्याने संग्रहासाठी दोन पक्षी मारले, एक प्रौढ नर आणि एक पिल्लू. आसपास ब्रँड्टचे पर्वतफिंच होतेच. तेव्हा हेही तेच, असं समजून चिठ्ठी लावली गेली आणि दोन्ही पक्षी ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयातल्या खणात गेले.

साठाहून अधिक वर्षं ते तिथे होते. मग केस रोसेलार या पक्षीशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की नराच्या चेहऱ्यावर काजळी नाही, डोकं दालचिनीच्या रंगाकडे झुकणारं आहे आणि पिल्लाच्या अंगावर रेघा आहेत. ब्रँड्टच्या पिल्लाला त्या नसतात. १९९२ मध्ये त्याने ती नवी जात म्हणून जाहीर केली, ल्युकोस्टिक्टे सिलेमी. जगात पुरावा काय, तर खणातले ते दोन पक्षी. बऱ्याच जणांनी भुवया उंचावल्या.

२०१२ च्या जूनमध्ये यान म्युझिका या प्रवासी पक्षीनिरीक्षकाने चीनच्या छिंगहाय प्रांतातल्या येनिउगोउ खोऱ्यात काही वेगळ्या फिंचचे फोटो काढले. पहिल्या जागेपासून ते ठिकाण जवळजवळ १,५०० किलोमीटरवर. तोच पक्षी, जिवंत. पुढे २०१६ मध्ये जनुकीय तपासणीचे निष्कर्ष आले आणि कळलं, की हा पर्वतफिंच नाहीच. तो रोझफिंचच्या प्रजातीतला, म्हणजे आता कार्पोडॅकस सिलेमी. त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक तिबेटी रोझफिंच.

लडाखच्या पूर्व टोकाला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पर्वतफिंचच्या थव्यात काजळी नसलेला, दालचिनी डोक्याचा, एकसारख्या राखाडी पाठीचा पक्षी दिसला तर "पिल्लू असेल" म्हणून सोडू नका. पाठीचा, चेहऱ्याचा आणि मिटलेल्या पंखाचा असे तीन फोटो तरी घ्या.

कुठे आणि कधी जावं?

लडाखमध्ये खारदुंग ला, चांग ला, टांगलांग ला या तिन्ही खिंडी ५,३०० मीटरच्या वर आहेत आणि तिन्हींवर गाडी जाते. त्सो कार आणि हानलेच्या वाटेवरही तो दिसतो. स्पितीत किब्बरच्या वरचे उतार आणि कुंझुम खिंड. उत्तर सिक्कीममध्ये गुरुडोंगमार सरोवराचा परिसर. भारताबाहेर ही जात अल्ताई, तिएन शान, पामीर ते तिबेटच्या पठारापर्यंत आहे.

माझी पसंती जूनच्या उत्तरार्धाला. रस्ते उघडलेले असतात आणि खिंडीत बर्फाचे तुकडे शिल्लक असतात. ऑगस्टमध्ये बर्फ बरंच वर सरकलेलं असतं आणि पक्षीही त्याच्यामागे गेलेले. वेळ सकाळची, ऊन पडून बर्फ पाझरायला लागल्यानंतरची. पहाटे पाचला खिंडीत जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही, तेव्हा सगळं गोठलेलं असतं आणि बीही मातीला चिकटलेलं.

मुंबई-पुण्याहून विमानाने थेट लेहला (साधारण ३,५०० मीटर) उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस खिंडीचं नाव काढू नये. डोकं दुखत असताना पक्षी ओळखता येत नाहीत, आणि गोष्ट तेवढ्यावर थांबेलच असंही नाही. सीमेजवळच्या भागांसाठी परवानगीचे नियम बदलत असतात, ते निघण्याआधी तपासा.

खिंडीवरच्या टपरीजवळ ते अगदी पायाशी येतात. बिस्किट घालावं का?

नको. मॅगीच्या टपऱ्या आणि छावण्यांच्या आसपास पर्वतफिंच धीट होतात हे खरं. पण सांडलेलं अन्न फक्त त्यांना बोलावत नाही, भटक्या कुत्र्यांनाही बोलावतं. लडाखमध्ये कुत्र्यांची वाढती संख्या ही जमिनीवर वीण करणाऱ्या पक्ष्यांच्या मुळावर उठलेली गोष्ट आहे, काळ्या मानेच्या क्रौंचाच्या पिल्लांनाही त्यांचा धोका असतो. पर्वतफिंचचं घरटं कपारीत असल्याने तो थोडा सुरक्षित, शेजारपाजारचे बाकीचे नाहीत. प्लास्टिकची पिशवी खाली आणायची हे वेगळं सांगायला नको.

धोक्यात आहे का?

आज नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो "काळजीचं कारण कमी" या गटात आहे. प्रदेश प्रचंड मोठा आणि माणसाला तिथे शेती किंवा शहर करायला फारसा वाव नाही. शत्रू नेहमीचेच, खरुची, ससाणे, पहाडी विझल.

पण कोलोरॅडोकडे बघितलं की स्वस्थ बसवत नाही. तिथला तपकिरी टोपीचा रोझी फिंच जवळजवळ त्या एकाच राज्याच्या शिखरांवर वीण करतो. तो "संकटग्रस्त" गटात गेला आहे आणि बर्फ लवकर वितळणं हे त्यामागच्या मुख्य चिंतांपैकी एक. हिशेब सरळ आहे. बर्फाची कड हळूहळू सरकली तर ताजी पट्टी दोन-तीन महिने मिळत राहते. सगळं बर्फ पंधरा दिवसांत वाहून गेलं तर सगळं बी एकदम उघडं पडतं, अंकुरतं किंवा वाळतं, आणि पिल्लं भरवायच्या वेळी पट्टीच उरत नाही. त्यावर आणखी वर जायचं म्हटलं तर शिखराच्या वर डोंगर नसतो. हिमालय-तिबेटच्या पर्वतफिंचजवळ वर सरकायला जागा अजून आहे, कोलोरॅडोतल्या भाईबंदापेक्षा पुष्कळ जास्त. तेवढाच फरक.

फोटो कसा काढावा?

बर्फ मागे असेल तर कॅमेरा फसतो आणि पक्षी काळा येतो. एक्स्पोजर थोडं वाढवा. वाऱ्याकडे पाठ करून बसा. थवा बऱ्याचदा वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून चरतो, त्यामुळे चेहरे तुमच्याकडे येतात. पाठलाग केलात तर थवा उडेल आणि तुम्हाला धाप लागेल, दोन्ही एकदम.

नोंद कुठे करायची, आणि काय लिहायचं?

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर. नाव आणि संख्या सगळेच लिहितात. त्याबरोबर उंची, चोचीचा रंग, थव्यात वाळूच्या रंगाची पिल्लं होती का, आणि पक्षी बर्फापासून किती अंतरावर चरत होते हे टिपणीच्या रकान्यात टाका. जागेचं नाव नुसतं "लडाख" असं लिहू नका. खिंडीच्या कोणत्या बाजूला, रस्त्याच्या वर की खाली, एवढं लिहिलं तरी पुढच्या माणसाचा अर्धा दिवस वाचतो.